उपमेचं कुलूप

[काळा पडदा. खाली डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारा कर्सर. कळफलकाचा आवाज.]

या खेळात चित्र नाही. पडद्यावर चार-सहा ओळींचं वर्णन येतं, खाली कर्सर लुकलुकत थांबतो आणि आपण काय करणार ते टाइप करायचं. उत्तरेकडे जा. दार उघड. दिवा घे. संगणक ते वाचतो आणि पुढची ओळ छापतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत हा प्रकार सुरू झाला. ८० च्या दशकात असे खेळ खोक्यात घालून दुकानांत विकले जात, लोक रात्र रात्र जागून ते सोडवत. पुढे चित्रांचे खेळ आले आणि बाजार उठला. लिहिणारे आणि खेळणारे मात्र टिकून राहिले. त्यांनी आपसांत खेळ लिहायचे, फुकट वाटायचे आणि त्यावर मनापासून भांडायचं, असं चालू ठेवलं.

हे खेळ खेळणाऱ्याला एक वाक्य तोंडपाठ असतं. 'असली कुठली वस्तू इथे दिसत नाही.' समजा वर्णनात लिहिलंय, खोलीत स्मशानासारखी शांतता होती. तुम्ही हौसेनं टाइप केलंत, 'स्मशान बघ', की हे वाक्य आलंच. स्मशान संगणकाला ठाऊकच नसतं. लिहिणाऱ्यानं ते वाक्याच्या शोभेसाठी घातलेलं असतं. दहा-वीस वेळा असं तोंडावर पडलं की खेळाडू शहाणा होतो. 'सारखा' हा शब्द दिसला की त्याच्या आधीची वस्तू सोडून द्यायची, ही सवय हाताला लागते.

२०११ साली सायमन क्रिस्टियनसेन या डॅनिश लेखकानं नेमकी ही सवय उलटी केली. त्याच्या इंग्रजी खेळाचं नाव 'पाटानोआर'. यात उपमेतली वस्तू उचलता येते.

[रात्र. ओला रस्ता. दिव्याखाली टोपी घातलेल्या माणसाची सावली.]

गोष्ट ओळखीची आहे. एका उमरावाची मुलगी बेपत्ता झाली आहे आणि तिला शोधायचं काम एका खासगी गुप्तहेराकडे आलं आहे. अंधारी शहरं, पैसेवाल्यांची गुपितं आणि सगळं बघून थकलेला हेर, असा हा 'नोआर' प्रकार. त्याचा सूर पक्का केला तो अमेरिकेतल्या रेमंड चँडलरनं. १९३९ साली त्याची पहिली कादंबरी आली, तेव्हापासून लॉस एंजेलिसमधला हेर म्हणजे वाक्यागणिक उपमा देणारा माणूस, हे समीकरण जमलं. त्याला कुठलीच गोष्ट नुसती दिसत नाही, कशासारखी तरी दिसते. उपमांचा खेळ करायचा तर नायक म्हणून हाच माणूस हवा होता. माझ्या मते क्रिस्टियनसेनची खरी हुशारी या निवडीत आहे.

इतरांच्या दृष्टीनं जी नुसती बोलण्याची पद्धत आहे, ती या हेराला डोळ्यांसमोर वस्तू म्हणून दिसते. ती तो काढून घेऊ शकतो, दुसरीकडे लावू शकतो. लावली की त्या दुसऱ्या गोष्टीचा स्वभाव बदलतो. आणि जिथून काढली तिथे तो गुण उरत नाही. नावातलं 'पाटा' आलं आहे आल्फ्रेड जारी या फ्रेंच लेखकाच्या 'पाटाफिजिक्स'मधून. काल्पनिक उत्तरांचं शास्त्र, अशी त्यानं त्याची व्याख्या केली होती. रूपकाच्याही पलीकडे एक पाऊल टाकायचं आणि ज्याची उपमा दिली त्याच्याच जगात जाऊन उभं राहायचं, हा त्यातून निघालेला पुढचा विचार.

२०११ च्या शब्दखेळांच्या स्पर्धेत 'पाटानोआर' उतरला. १९९५ पासून दरवर्षी भरणाऱ्या या स्पर्धेत गुण देणारे कोणी मान्यवर नसतात, खेळाडूच असतात. एकेका खेळाला जास्तीत जास्त दोन तास द्यायचे आणि तेवढ्या अनुभवावर एक ते दहा गुण. हे दोन तास लक्षात ठेवायला हवेत. कोड्यापाशी अडकलेला माणूस घड्याळाकडे बघत असतो आणि त्याचं मत तिथेच तयार होतं.

कल्पनेबद्दल दुमत जवळजवळ नव्हतं. पहिल्यांदा उपमेतली वस्तू 'घे' म्हणून टाइप केली आणि नकाराऐवजी ती खरोखर हातात आली, तो क्षण खेळाडू विसरत नाहीत. मीही विसरलेलो नाही. खुर्चीत सरसावून बसलो आणि आधीचं सगळं वर्णन पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. एरवी ज्या शब्दांवरून नजर घसरत जाते, ते शब्द एकेक करून बोटानं दाबून बघावेसे वाटले. वाचायला लावणारे खेळ पुष्कळ आहेत, पण पुन्हा वाचायला लावणारे थोडे.

तक्रार सुरू होते ती कोड्यांपाशी. उपमा हातात आली, पण लावायची कुठे? कित्येकांचं म्हणणं असं की उत्तर कळल्यावर ते सुंदर वाटतं, पण कळेपर्यंत अंदाजपंचे चालतं. जी उपमा मिळेल ती दिसेल त्याला लावून बघायची. लेखकाच्या मनात काय होतं ते ओळखायचं, आणि ओळखता आलं नाही तर इशारे उघडायचे.

[वहीचं पान. शाईनं आखलेले चार रकाने.]

ही तक्रार मला मराठी शाळेतल्या व्याकरणाच्या तासानं समजावली. आपण शिकलोय, उपमेचे भाग चार. ज्याची तुलना करायची ते उपमेय. ज्याच्याशी करायची ते उपमान. दोघांना जोडणारा साधर्म्यवाचक शब्द, सारखा, सम, परी, गत. आणि चौथा भाग साधारण धर्म, म्हणजे दोघांत सारखा असलेला गुण. चारही भाग असले की पूर्णोपमा. एखादा गळला की लुप्तोपमा. बोलताना आपण बहुतेक वेळा लुप्तोपमाच वापरतो, आणि गळतो तो चौथा भाग. 'त्याचा आवाज मधासारखा.' गोड? की घट्ट? की चिकट? ऐकणारा संदर्भावरून समजून घेतो.

खेळात मात्र इथेच घोडं अडतं. मध हातात घेतला आहे, तो जिच्यावर लावायचा ती गोष्ट गोड होणार की चिकट, हे आधी ठरवायला पुरावा नाही. लेखकानं चिकटपणा धरलाय आणि मी गोडवा, तर माझं उत्तर कितीही विचार करून काढलेलं असलं तरी ते चूक. खेळाडूंनी ज्याला मनमानी म्हटलं ती हीच, गळलेल्या साधारण धर्माची.

याच परंपरेतले दुसरे खेळ शेजारी ठेवले की फरक चटकन दिसतो. १९८७ साली इन्फोकॉम कंपनीनं जेफ ओनील यांचा 'नॉर्ड अँड बर्ट' काढला होता, आठ छोट्या गोष्टी, सगळ्या कोट्या आणि शब्दांच्या अदलाबदलीवर. 'पाटानोआर'नंतर वर्षभरानं, ३१ डिसेंबर २०१२ रोजी, एमिली शॉर्ट यांचा 'काउंटरफीट मंकी' आला. त्यात एक यंत्र आहे, ते वस्तूच्या नावातलं अक्षर काढून टाकतं आणि उरलेल्या शब्दाची वस्तू तयार होते. आपल्याकडे 'पाटी'ची वेलांटी काढली की 'पाट' उरावा, तसं. तिथे खेळाडूला कागदावर करून बघता येतं. अक्षर काढलं की काय उरेल ते खेळाडूला आणि लेखकाला एकाच वेळी दिसतं. उपमेचं तसं नाही. म्हणून मला 'पाटानोआर'वरची टीका बरोबर वाटते, तरी त्यानं अवघड वाट धरली याचं मोलही वाटतं. अक्षरांना नियम असतात. उपमेला अनुभव लागतो, आणि दोन माणसांचा अनुभव कधी एक नसतो.

गोष्ट पातळ आहे, माणसं साच्यातली आहेत, हे मतही पुष्कळांचं. मान्य. मात्र त्यात औषधाचाही एक धागा आहे. हेराला जे दिसतं ते दिसू नये म्हणून औषध आहे. म्हणजे हा माणूस आजारी आहे का? आपण ज्याला हातोटी समजून मजेत वापरतोय, तो त्याचा त्रास आहे का? काही खेळाडू इथे हललेले दिसतात. काहींना हा धागा अर्धवट सोडला असं वाटलं. मी दुसऱ्या बाजूला आहे. दुखरी गोष्ट काढली होती, तर तिच्यापाशी आणखी थोडं थांबायला हवं होतं.

[खिडकीशी टेबल. लॅपटॉप, शेजारी नववीचं मराठीचं पुस्तक.]

माझी भाची नववीत आहे. परीक्षेसाठी अलंकार पाठ करत होती, तेव्हा तिला हा खेळ दाखवला. इंग्रजी वाचून मराठीत सांगत होतो. थोड्या वेळानं ती कंटाळली. म्हणाली, "मामा, तू मराठीत घे ना खेळ."

मग लॅपटॉप मिटला आणि मीच संगणक झालो. म्हणालो, "मोठा वाडा आहे. दारात पहारेकरी उभा आहे. त्याचे डोळे कुलपासारखे आहेत."

"कुलूप घेते."

"घेतलंस. आता तुझ्या हातात थंडगार लोखंडी कुलूप आहे."

"त्याचे डोळे?"

"उघडे. आतलं सगळं दिसतंय. मालकिणीला घाबरतो. घरी म्हातारी आई आहे. काल रात्री कोण आलं होतं ते त्यानं पाहिलंय."

"कोण आलं होतं?" तिनं विचारलं, मी सांगितलं. ती खूश झाली. आता कुलूप कुणाच्या तोंडाला लावायचं याचा विचार करू लागली. मराठीत ते आधीपासून लावलेलंच असतं, हे तिला आपोआप सुचलं. मग मध्येच थांबली.

"मामा, कुलूप मी नेलं तर त्याचे डोळे मिटणार कसे?"

मी गप्प.

"म्हणजे तो झोपणारच नाही?"

"तुझा खेळ आहे. टाइप कर."

तिनं मिटलेल्या लॅपटॉपवर बोटं ठेवली आणि एकेक शब्द मोठ्यानं म्हणत टाइप केल्यासारखं केलं. "कुलूप. परत. ठेव."