गटात बसवणे आणि गटाने शिकणे

शिक्षकमित्रहो, बाक जवळ ओढून चार-चार मुलांना समोरासमोर बसवले की गटाध्ययन झाले, असा समज आपल्याकडे रूढ आहे. प्रत्यक्षात एक हुशार मूल लिहिते, उरलेली तिघे वहीत उतरवून घेतात आणि पाहणीला आलेल्या साहेबांना वर्ग फार उत्साही वाटतो. मिनेसोटा विद्यापीठातील डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या बंधूंनी सहकारी अध्ययनाची जी लक्षणे सांगितली, त्यांतली दोन भाषाशिक्षकाने आधी धरावीत: एकाचे काम दुसऱ्यावाचून अडले पाहिजे, आणि आपण काय शिकलो हे प्रत्येकाला एकट्याने दाखवता आले पाहिजे.

पहिले लक्षण धड्यात कसे उतरवायचे, हे मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे दाखवले. तेथे गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले नुकतीच एका वर्गात आली होती आणि ताण मोठा होता. त्यांनी धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाकडे एकच तुकडा दिला. आपल्याकडे, कर्नाटकातील मराठी शाळांत, असा ताण वर्गात कमी आणि वर्गाबाहेर अधिक असतो, ही आपली जमेची बाजू.

मराठी माध्यमाच्या सातवीत कन्नडचा तास आहे असे धरू. गुऱ्हाळावरचा एक सोपा उतारा घ्या आणि त्याचे चार भाग करा: ऊसतोड, चरकातून रस काढणे, भेंडीचे पाणी घालून काहिलीतली मळी काढणे, आणि गुळव्याने पाक ओळखून ढेपा पाडणे. छत्तीस मुलांचे चार-चारांचे नऊ मूळ गट होतील आणि गटातल्या प्रत्येकाकडे एकेक भाग येईल. एकच भाग मिळालेली मुले आधी एकत्र बसून तो समजून घेतील. मात्र नऊ जणांत दोघेच बोलतात, म्हणून अशा गटाचे दोन करावेत. या टप्प्यावर मुले मराठीत बोलली तर बोलू द्या, कारण आशय पक्का झाल्याशिवाय परक्या भाषेत सांगण्याचे धाडस होत नाही. मूळ गटात परतल्यावर मात्र सांगणे कन्नडमध्येच, मग वाक्ये मोडकी का असेनात. शेवटी शिक्षकाने चिठ्ठी काढून कोणालाही उठवावे आणि त्याच्या वाट्याला न आलेला भाग विचारावा. दुसरे लक्षण इथे साधते.

म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ साली सुरू झालेली नली-कली, म्हणजे गटागटाने कृतीतून आनंदाने शिकण्याची पद्धत, पुढे राज्यभर पसरल्यामुळे खालच्या इयत्तांत गट नवे नाहीत. वरच्या इयत्तांत परीक्षेच्या धाकाने आपण पुन्हा रांगा लावतो.

गट कसे पाडावेत, याबाबत माझे मत थोडे आग्रही आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी शाळांतून घरी कन्नड बोलणारी मुलेही असतात. कन्नडच्या तासाला सगळे जिच्याकडे वळतात, तीच मुलगी मराठीच्या तासाला ‘काहील तापला की तापली’ येथे अडखळते, कारण कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना स्त्रीलिंग-पुल्लिंग नसते. म्हणून दोन्ही तासांना गट तेच ठेवावेत. सकाळी जिने समजावून सांगितले, तिला दुपारी त्याच तिघांना विचारावे लागते. तिला गटाची कायमची दुभाषी मात्र करू नये. तसे केले की बाकीची तिघे कन्नड वाचायचीच थांबतात.