पुरंदरचा तह आणि लंडनचं पत्र

[नकाशा : लंडन, आफ्रिकेचं टोक, मुंबई]

ऑगस्ट १७७६. भर पावसाळा. मुंबईच्या इंग्रज कौन्सिलच्या हाती लंडनचा खलिता पडतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी कळवलं आहे : पेशवाईवर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांशी सुरतेला केलेला तह आम्हाला मंजूर आहे, मिळालेला मुलूख राखून ठेवा.

पण तो तह पाच महिन्यांपूर्वीच रद्द झालेला असतो!

नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर पुण्यात बारभाईंनी, म्हणजे राघोबादादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, कारभार हाती घेतला आणि राघोबादादांनी इंग्रजांचा आश्रय घेतला. मार्च १७७५ मध्ये सुरतेला तह झाला. दादांनी मुंबईशेजारची साष्टी आणि वसई द्यायची, इंग्रजांनी त्यांना पेशवाईवर बसवायला फौज द्यायची. मुंबईकर इंग्रजांनी लंडनला आधी विचारलं नाही. विचारणार तरी कसं?

[दृश्य : शिडाचं जहाज]

शिडाच्या जहाजाला आफ्रिकेला वळसा घालून जायला सुमारे सहा महिने लागत. उत्तर यायला तेवढेच. वाऱ्याचा हंगाम चुकला की आणखी खोळंबा. बसरा किंवा सुएझवरून जाणारी वाट जवळची, पण बेभरवशाची. म्हणून कारकून एकाच पत्राच्या दोन-तीन नकला करत आणि त्या वेगवेगळ्या जहाजांनी रवाना होत. एखादं जहाज बुडालं, एखादं शत्रूनं धरलं, तरी एक नक्कल पोचावी!

या दिरंगाईत माणसं मेली आहेत. इंग्रज आणि फ्रेंचांमधला प्राथमिक तह व्हर्सायला २० जानेवारी १७८३ रोजी झाला. बरोबर पाच महिन्यांनी, २० जूनला, तमिळ किनाऱ्यावर कडलूरसमोर दोघांची आरमारं एकमेकांवर तोफा डागत होती. दोन्हीकडचे मिळून सुमारे दोनशे जण ठार झाले. युरोपात थांबलेल्या युद्धासाठी त्यांनी जीव दिला. तहाची बातमी जूनच्या अखेरीस आली.

[दृश्य : पुरंदर किल्ला]

सुरतेच्या तहाची वार्ता कलकत्त्याला कळली, तेव्हा मुंबईवर अधिकार असलेल्या गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जच्या कौन्सिलनं तो साफ नाकारला. कर्नल अप्टनला पुणे दरबाराशी बोलणी करायला धाडलं. सखारामबापू आणि नाना फडणीस यांच्याशी घासाघीस होऊन १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. सुरतेचा करार रद्द. साष्टी इंग्रजांकडेच. राघोबादादांनी नेमणूक, म्हणजे ठरलेला तनखा, घेऊन कोपरगावला राहायचं.

आणि मग ऑगस्टमध्ये लंडनचं ते पत्र! ते लिहिणाऱ्यांना पुरंदरचा पत्ताही नव्हता, असणं शक्यच नव्हतं. मुंबईकरांना मात्र हवं ते लेखी मिळालं. पुढच्या युद्धाचा सगळा दोष मी त्या पत्राला देणार नाही. मुंबईकरांना युद्ध हवंच होतं, पुरंदरचा तह त्यांना पहिल्या दिवसापासून खुपत होता. पण लंडनचं मत वेळेत कळलं असतं, तर कलकत्ता आणि मुंबई अशी परस्परविरोधी दिशांना ओढली गेली नसती, असं मला ठामपणे वाटतं. राघोबादादांना मुंबईकरांनी आश्रय देणं चालूच ठेवलं.

[दृश्य : बोरघाट, तळेगाव, वडगाव]

नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईची फौज दादांना घेऊन पुण्याकडे निघाली. मराठ्यांनी समोरासमोर येण्याआधी रसद तोडली, वाटेवरचं तळेगाव जाळून मोकळं केलं. खायला दाणा नाही, बैलांना चारा नाही. जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून इंग्रज रात्रीच माघारी फिरले. वडगावला त्यांना चहूबाजूंनी घेरलं गेलं आणि जानेवारी १७७९ मध्ये त्यांनी मराठ्यांच्या अटी लिहून दिल्या. कलकत्त्यानं त्याही नाकारल्या. युद्ध आणखी तीन वर्षं चाललं.

१७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. पुरंदरनंतर इंग्रजांनी जिंकलेला मुलूख, वसईसकट, मराठ्यांना परत. साष्टी इंग्रजांकडे. राघोबादादांना नेमणूक. ते अखेर राहायला गेले कोपरगावलाच.