शूटिंग संपलं, पैसेही संपले. आता?

नमस्कार. कमी पैशात सिनेमा करायचा म्हटलं की पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा येतो. कुठला घेऊ? फोनवर होईल का? होईल. २०१५ चा 'टँजरीन' आयफोन ५एसवर शूट झाला आणि थिएटरमध्ये लागला. कॅमेऱ्यापाशी आता कुणाचं अडत नाही. छोटा सिनेमा अडतो तो शूटिंगनंतर, आणि बहुतेक वेळा आवाजापाशी.

एक साधा सीन घ्या. खोलीत दोघं बोलतायत, कोपऱ्यात फ्रिज चालू आहे. सेटवर त्याची घरघर कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण कानाला सवय झालेली असते. माइकला नसते. एडिटला बसलात की कळतं: एका शॉटमध्ये घरघर आहे, पुढच्या शॉटच्या वेळी फ्रिज आपोआप बंद पडलेला. प्रत्येक कटला आवाज दचकतो. चित्र थोडं अंधारं असलं तर प्रेक्षक सांभाळून घेतो, पण संवादच कळेना झाले की त्याचा जीव उडतो. मग डबिंग आलं. स्टुडिओचं भाडं, नटांच्या पुन्हा तारखा. आणि त्या दिवशी त्या नटीचा गळा खरंच दाटून आला होता, तो माइकपुढे उभं राहून पुन्हा तसाच दाटेल याची खात्री कोण देणार?

यावरचा इलाज फुकट आहे. फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली त्यातच ठेवा. साऊंडवाल्यांची ही जुनी युक्ती, म्हणजे निघताना तो चालू करायला कुणी विसरत नाही. सीन ओके झाला की सगळ्यांना जागच्या जागी थांबवा आणि मिनिटभर खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करा. हा रूम टोन. कटांचे सांधे त्यानेच बुजतात. युनिट कुरकुरेल, तरी करा.

दुसरी ओढाताण तारखांची. मानधन नसलं की लोक सुट्टीच्या दिवशीच येणार. क्रिस्टोफर नोलन यांनी 'फॉलोइंग' (१९९८) असाच, नोकऱ्या सांभाळणाऱ्या मित्रांना घेऊन, वर्षभर शनिवारी शूट केला. कॅमेऱ्यात घालायची फिल्म महाग, म्हणून तालमी इतक्या पक्क्या की एकदोन टेकमध्ये शॉट व्हायचा. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' तर १९५२ मध्ये सुरू झाला आणि पैशाअभावी थांबत थांबत १९५५ मध्ये पडद्यावर आला. तोवर सिनेमातल्या छोट्या अपूचा आवाज फुटला नाही, त्याची बहीण दुर्गा मोठी दिसू लागली नाही आणि म्हाताऱ्या इंदिर ठाकरुणचं काम करणाऱ्या चुनीबाला देवी शूटिंग संपेपर्यंत हयात राहिल्या, हे राय यांना चमत्कारच वाटत. आपण चमत्कारावर भिस्त ठेवायला नको. लहान मुलांचे आणि वयस्कर नटांचे सीन सलग आणि सगळ्यात आधी उरकून घ्या.

बजेट लिहितानाही उलटीकडून सुरुवात करा. आधी मिक्सिंग (सगळे आवाज एकत्र बसवणं), ग्रेडिंग (चित्राचे रंग जुळवणं), एडिट; उरेल त्यात शूटिंग बसवा. दिवस कमी करा, लोकेशन कमी करा. जेवणाला मात्र कात्री लावू नका. फुकट राबणाऱ्या माणसाला वेळेवर गरम जेवण मिळालंच पाहिजे, याबाबतीत माझी तडजोड नाही.

आणि ज्यांचा सिनेमा शूट होऊन हार्ड डिस्कवर पडून आहे, त्यांनी आज दोन कामं करावीत. आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी काढा. मग हेडफोन लावून एकेक सीन ऐका आणि कुठले संवाद वापरता येतात, कुठले डब करावे लागतील, याची यादी करा. त्या यादीवरून स्टुडिओला किती दिवस लागतील ते काढता येतं, आणि तो आकडा घेऊनच पैसे मागायला जा.