दाब कोणी झेलायचा?

(दृश्य : तांबडा समुद्र. घुमटाभोवती फिरणारे मासे.)

सुदानच्या किनाऱ्याबाहेर शाब रूमी नावाचा प्रवाळखडक आहे. तिथं पाण्याखाली हा लोखंडी घुमट साठ वर्षं उभा आहे. १९६३ साली छोटी पाणबुडी ठेवायला तो बांधला. शेजारच्या घरात, दहा मीटर खोलीवर, फ्रेंच समुद्रसंशोधक जॅक कूस्तो यांची माणसं महिनाभर राहिली. सोबतीला एक पोपटही होता.

मग पुढं पाण्याखाली शहर का नाही झालं?

दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणानं, म्हणजे जमिनीवरच्या हवेच्या दाबाइतका, वाढतो. तो एक तर भिंतीनं झेलायचा, नाहीतर माणसाच्या शरीरानं.

शरीरानं झेलला तर काय होतं, ते फ्लोरिडातल्या 'अ‍ॅक्वेरिअस' या प्रयोगशाळेत दिसतं. ती पाण्याखाली सुमारे १८ मीटर खोल आहे, आत सहा जणांची सोय. आत शिरायला जमिनीतच उघडं भोक आहे. झाकण नाही, तरी पाणी वर चढत नाही, कारण आतली हवा बाहेरच्या पाण्याइतकीच दाबाखाली असते. त्या हवेतला नायट्रोजन रक्तामांसात मुरतो. माणूस तडक वर आला, तर सोड्याची बाटली उघडावी तसे अंगात बुडबुडे सुटतात. म्हणून दाब सावकाश उतरवावा लागतो. त्याला लागतात सुमारे १७ तास. मध्यरात्री कुणाच्या पोटात कळ आली, तर दवाखाना १८ मीटर नव्हे, १७ तास लांब असतो. लेकराबाळांचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांचं शहर असं वसत नाही.

(दृश्य : निळ्या पाण्यातल्या गोलाचं संकल्पचित्र.)

राहिली भिंत. जपानच्या शिमिझू कंपनीनं २०१४ मध्ये 'ओशन स्पायरल'चा आराखडा मांडला. ५०० मीटर व्यासाचा गोल, ५,००० माणसं, खर्च ३ लाख कोटी येन. म्हणजे माणशी ६० कोटी येन! गोलाच्या तळाशी दर चौरस मीटरला ५०० टनांचा भार. अख्खा गोल पाण्याखाली धरायचा, तर वजन साडेसहा कोटी टनांच्या घरात हवं, नाहीतर तो चेंडूसारखा वर उसळणार. आणि मला सगळ्यात बोलकं वाटतं ते हे : समुद्रतळापर्यंत नागमोडी वाट नेणाऱ्या या आराखड्यातही माणसांची घरं ठेवलीत ती पृष्ठभागाजवळच्या गोलात.

तो गोल अजून कागदावर आहे.

(दृश्य : पुन्हा शाब रूमी, घुमटाच्या आत.)

इथं छताशी बुडी मारून येणाऱ्या माणसांनीच सोडलेली हवा साठून राहते. खालून आलेला माणूस त्या हवेत डोकं वर काढतो, घटकाभर थांबतो आणि परत फिरतो.