कडी कोणत्या बाजूला आहे?

मित्रहो,

आज ज्या कथाप्रकाराबद्दल मला बोलायचे आहे, त्याचा सांगाडा तीन वाक्यांत सांगता येतो. दोन राज्यांमधले वैर मिटावे म्हणून एका राज्याची मुलगी दुसऱ्या राज्याच्या मुलाला दिली जाते. दोघांनी एकमेकांना पाहिलेले नसते, मनात अढी मात्र भरपूर असते. त्या जगात जादू असते, आणि अखेरच्या प्रकरणापर्यंत दोघे एकमेकांच्या प्रेमात पडलेले असतात. सोळा-सतरा वर्षांचे वाचक अशी कादंबरी रात्री जागून संपवतात आणि वडीलधारी मंडळी तिला स्वप्नाळू वयाचे वाचन म्हणून बाजूला सारतात. मला ती बाजूला सारावीशी वाटत नाही. या कथेत जो प्रश्न विचारला जातो तो त्या वयाचा सगळ्यांत गंभीर प्रश्न आहे, असे माझे मत आहे: माझ्या आयुष्याचा निर्णय दुसऱ्यांनी घेऊन टाकला असेल, तर त्यात माझे म्हणावे असे काय उरते?

या कथेचे मूळ परीकथेत नाही, तहाच्या कागदात आहे, म्हणून सुरुवात इतिहासापासून करते. ७ मे १७७० या दिवशी ऱ्हाइन नदीतल्या एका निर्मनुष्य बेटावर चौदा वर्षांची राजकन्या मारी आंत्वानेत ऑस्ट्रियाच्या दरबाऱ्यांनी फ्रान्सच्या दरबाऱ्यांच्या स्वाधीन केली. बेट निवडले ते दोन्ही देशांच्या मधोमध म्हणून. देणाऱ्याचाही मान राहावा आणि घेणाऱ्याचाही. तेवढ्यासाठी तिथे लाकडाची तात्पुरती इमारत उभारली होती, तिच्या एका अंगाला ऑस्ट्रिया होता आणि दुसऱ्या अंगाला फ्रान्स. फ्रान्सच्या युवराजाशी तिचे लग्न त्याआधीच, १९ एप्रिलला, व्हिएन्नात लागले होते आणि नवरदेवाच्या जागी तिचा सख्खा भाऊ उभा राहिला होता. अंगावर परक्या दरबाराचे काहीही राहू नये म्हणून तिची वस्त्रे उतरवून तिला फ्रेंच वस्त्रे चढवण्यात आली, असे तिच्या एका सेविकेने पुढे आठवणींत लिहून ठेवले आहे. एका दाराने आत गेलेली मुलगी दुसऱ्या दाराने बाहेर आली तेव्हा तिचा देश बदललेला होता.

या प्रसंगाचा एक साक्षीदार मला फार महत्त्वाचा वाटतो. पुढे जर्मन महाकवी म्हणून गाजलेला ग्योथे तेव्हा जवळच्या स्ट्रासबुर्गमध्ये कायद्याचा अभ्यास करत होता आणि वीस वर्षांचा होता. नवरी येण्यापूर्वी तो ती इमारत पाहायला गेला आणि मुख्य दालनातले भिंतपडदे पाहून संतापला. त्या पडद्यांवर ग्रीक पुराणातल्या जेसन, मिडिया आणि क्रेयुसा यांची कथा विणलेली होती, म्हणजे विषारी वस्त्र अंगावर चढवल्यामुळे तडफडून मरणाऱ्या नव्या नवरीची कथा. परक्या देशात पहिले पाऊल टाकणाऱ्या मुलीच्या स्वागताला जगातल्या सर्वांत भयंकर लग्नाचे चित्र लावावे, हे कोणाच्याच मनात कसे आले नाही, असा त्याचा सवाल होता आणि तो त्याने आत्मचरित्रात नोंदवला आहे. दालन सजवणाऱ्यांच्या लेखी तो पडदा ही एक किमती शोभेची वस्तू होती. चित्राचा अर्थ वाचला तो एका तरुणाने. आज जे तरुण लेखक आणि वाचक राजघराण्यातल्या ठरवलेल्या लग्नाच्या कथेकडे वळतात, ते नेमके हेच करत असतात. समारंभ पाहता पाहता त्यांची नजर भिंतीवरच्या पडद्याकडे जाते.

दुसरे उदाहरण थोडे रुक्ष वाटेल, पण लेखकाच्या दृष्टीने ते अधिक श्रीमंत आहे. इंग्लंडचा राजपुत्र आर्थर आणि स्पेनची राजकन्या कॅथरीन यांचे लग्न १४८९च्या मदिना देल कांपोच्या तहात ठरले, तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि तो दोन वर्षांचा. १४९९ मध्ये मुखत्यारीने विवाहविधी झाला, त्या वेळी तिच्या जागी स्पेनचा वकील, म्हणजे राजदूत, उभा राहिला. पुढे दोघांनी एकमेकांना पत्रे लिहिली ती लॅटिनमध्ये, कारण दोघांना येणारी भाषा तेवढी एकच होती. १५०१च्या नोव्हेंबरात प्रत्यक्ष भेट झाली तेव्हा दोघांचे लॅटिन उच्चार इतके वेगळे निघाले की एकाचे बोलणे दुसऱ्याला कळेना, असे सांगतात. इतकी वर्षे कागदावर जुळलेली माणसे समोरासमोर आल्यावर मुकी झाली. लग्नाला पाच महिनेही झाले नव्हते तोच, २ एप्रिल १५०२ रोजी, आर्थर वारला. दोन लाख क्राउनचा हुंडा ठरला होता, त्यातला निम्माच पोहोचला होता. सासऱ्याला आलेली रक्कम परत द्यायची नव्हती, बापाला उरलेली पाठवायची नव्हती, आणि सोळा वर्षांची विधवा दोन्ही राजांच्या हिशेबात मधल्या मध्ये अडकून पडली.

इथे कथा संपती, तर ती एका दुर्दैवी मुलीची कथा झाली असती. पण १५०७ मध्ये बापाने तिलाच इंग्लंडच्या दरबारातली आपली वकील नेमले. युरोपात स्त्रीला असे पद मिळाल्याचे यापूर्वीचे उदाहरण सहसा दिले जात नाही. जिच्या वतीने लग्नात दुसराच वकील उभा राहिला होता, ती आता स्वतः आपल्या देशाच्या वतीने बोलू लागली. नवोदित लेखकांना मी हे वर्ष आवर्जून सांगते, कारण त्यांच्या नायिका तलवार चालवतात, ड्रॅगनवर बसतात, पण तहाचा मसुदा कधी वाचत नाहीत. ज्या कागदाने आपले आयुष्य बांधले आहे तो कागद वाचायला शिकणे, त्यातली कलमे पाठ करणे, कोणत्या कलमात फट आहे हे हेरणे, यात जे नाट्य आहे ते शंभर द्वंद्वयुद्धांत नाही.

आता जादूकडे वळू. हीच गोष्ट ऐतिहासिक कादंबरीत सांगता येत असताना तिला अद्भुताची जोड कशाला, असे मला नेहमी विचारले जाते. प्रत्यक्षातल्या तहाचे परिणाम दूर कुठेतरी होतात. राजवाड्यातल्या मुलीने लग्नाला नकार दिला, तर मरतात ते सीमेवरचे शिपाई, आणि ते तिला दिसत नाहीत. जादू हा परिणाम तिच्या डोळ्यांसमोर आणून ठेवते. शपथ मोडली की डोंगरावरचा बर्फ सुटेल, नदी आटेल, गावाभोवतीची अदृश्य भिंत कोसळेल, असे एकदा ठरवले की नकाराची किंमत वाचकाला हाताने चाचपता येते. म्हणून या कथेत जादू अलंकार म्हणून वापरू नये. तिने तहाचे वजन वाढवावे.

जादूचा एक वापर मात्र मला मुळीच पटत नाही, आणि दुर्दैवाने तोच सर्वाधिक आढळतो. दोघांच्या मनगटांवर जन्मापासून एकसारखी खूण असते, भविष्यवाणीत दोघांची नावे असतात, नायिका अखेर ओळखते की तहाने दिलेला नवरा हाच नियतीने नेमलेला जोडीदार होता, आणि लेखकाला वाटते की आता सारे प्रेमळ झाले. मला तिथे एक दुसरे ठरवलेले लग्न दिसते. आधी बापाने ठरवले होते, आता नियतीने ठरवले. मुलीला दोन्ही वेळा कोणी विचारलेच नाही. बापाशी निदान भांडता तरी येते! रुक्मिणीची कथा ज्यांच्या कानावरून गेली आहे त्यांना हा फरक चटकन कळेल. भावाने शिशुपालाशी सोयरीक ठरवून टाकलेली असताना तिने स्वतः पत्र लिहिले, ते ब्राह्मणाच्या हाती दिले आणि उत्तराची वाट पाहत राहिली. समोर साक्षात श्रीकृष्ण आहे म्हणून पत्राची गरज नाही, असे त्या कथेने मानले नाही.

या कथाप्रकारावरचा सर्वांत गंभीर आक्षेप इथेच येतो, आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. बळजबरीने लावलेले लग्न पुढे प्रेमात फुलते, असे कोवळ्या वयाच्या वाचकांना पुन्हा पुन्हा सांगितले, तर बळजबरीच सुंदर वाटू लागणार नाही का? माझे उत्तर असे की हो, वाटू शकते, आणि काही कादंबऱ्यांमध्ये तसे घडतेही. नवरा तिला कोंडतो, धमकावतो, अपमान करतो, मग त्याच्या बालपणीची एखादी जखम उघड होते आणि तेवढ्यावर सगळे माफ होते. त्याला दुःख होते हे खरे, पण त्याने तिला कोंडले हेही खरेच राहते. वयाचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. इतिहासातल्या या नवऱ्या बारा, चौदा वर्षांच्या असत. आजचे लेखक नायिकेला सतरा-अठराची करतात ते योग्यच आहे, परंतु वय वाढवले म्हणजे संमती आली, असे होत नाही. संमती दाखवावी लागते, आणि ती दाखवायची तर आधी नकाराची वाट मोकळी झालेली दिसावी लागते. जिला जाता येत नाही तिचे थांबणे हे प्रेम आहे की नाइलाज, हे वाचकाला कळणार कसे?

पोलंडच्या यादविगाविषयी एक आख्यायिका आहे. १३८४ मध्ये, दहा-अकरा वर्षांच्या वयात, तिला राज्याभिषेक झाला आणि तिला किताब मिळाला तो राणीचा नव्हे, राजाचा. लहानपणी तिचे लग्न ऑस्ट्रियाच्या विल्यमशी ठरवलेले होते, पण सरदारांना लिथुएनियाचा योगाइला हवा होता, कारण त्या लग्नातून दोन देश जोडले जाणार होते. विल्यम क्राकूवला आला तेव्हा सरदारांनी त्याला वावेलच्या गढीतून बाहेर काढले आणि दार बंद केले. तेव्हा त्या मुलीने कुऱ्हाड मागितली आणि ती दार फोडायला निघाली. एका वृद्ध सरदाराने तिची समजूत घातली आणि तिने कुऱ्हाड खाली ठेवली. फेब्रुवारी १३८६ मध्ये योगाइलाशी तिचे लग्न झाले. आख्यायिका सांगणारे कुऱ्हाडीवर थांबतात, इतिहासकार लग्नाच्या तारखेकडे जातात. कादंबरीकाराची जागा या दोहोंच्या मध्ये आहे. कुऱ्हाड जमिनीला टेकली त्या क्षणी तिच्या मनात काय होते, हे दुसरे कोणी लिहू शकत नाही.

गेल्या काही वर्षांत मी लेखन कार्यशाळांमध्ये या प्रकारची बरीच हस्तलिखिते वाचली. त्यांतले एक माझ्या मनातून जात नाही. त्यात मैदानी राज्याची मुलगी डोंगरी राज्यात दिली जाते आणि दोघांच्या शपथेवर खिंडीच्या माथ्यावरचा बर्फ तोलून धरलेला असतो. पहिल्या खर्ड्यात सज्जातले चांदणे होते, नृत्याचा प्रसंग होता, तापात केलेली शुश्रूषा होती. सगळे नीट लिहिलेले होते आणि मला त्यातले काहीच खरे वाटत नव्हते. मी लेखिकेला एवढेच विचारले की या मुलीच्या खोलीच्या दाराला कडी कोणत्या बाजूने आहे. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, बाहेरच्या. मग म्हणाली, हे मला आतापर्यंत सुचलेच नव्हते.

दुसऱ्या खर्ड्यात तिसरे प्रकरण नवे होते. राजपुत्र हत्यारांची पेटी घेऊन येतो. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, म्हणून तो काही बोलत नाही. तो बाहेरच्या कडीचे खिळे एकेक करून उपसतो, कडी आतल्या बाजूला बसवतो, दोनदा लावून उघडून पाहतो, खाली पडलेला भुसा हाताने गोळा करतो आणि निघून जातो. ती त्या रात्री कडी लावते. दुसऱ्या रात्रीही लावते. चाळीस रात्री ती कडी लावते आणि लेखिकेने एकाही रात्रीची घाई केलेली नाही. मधल्या दिवसांत तो जेवायला येतो, नकाशे दाखवतो, तिच्या भाषेतले शब्द चुकीचे उच्चारतो, ती ते सुधारते. कडीविषयी कोणीही अवाक्षर काढत नाही. एक्केचाळिसाव्या रात्री ती दाराशी जाते, कडीवर हात ठेवते आणि न लावताच परत येते. तो त्या रात्री येत नाही, कारण त्याला ते ठाऊकच नसते. तिला मात्र ठाऊक असते. चारशे पानांच्या त्या हस्तलिखितात मला प्रेमाची पहिली खूण दिसली ती या ओळीत.

बर्फाचा प्रश्न तिथे सुटलेला नव्हता. दार उघडे राहिले तरी शपथ मोडली की दरड कोसळणारच होती, म्हणजे खोलीतून बाहेर पडण्याची वाट मोकळी झाली होती, राज्यातून बाहेर पडण्याची नव्हती. लेखिकेला ते सांगितल्यावर ती रागावली नाही. तिने मान्य केले की खिंडीखालची गावे रिकामी केल्याशिवाय त्या मुलीला खऱ्या अर्थाने नाही म्हणता येणार नाही, आणि ती गावे रिकामी करण्याचे काम त्या दोघांनी मिळून करायला हवे. ते प्रकरण ती सध्या लिहीत आहे. पहिल्या गावातली एक म्हातारी घर सोडायला तयार नाही आणि राजकन्या तिच्या उंबऱ्यावर बसून आहे, इथपर्यंत ती पोहोचली आहे.