अंग सैल सोडा

(पडद्यावर स्टीलचा ट्रे, हिरवं कापड. चिमटा ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज.)

ही तांबी. दिवस जाऊ नयेत म्हणून गर्भपिशवीत बसवायचं साधन. डॉक्टर हिला कॉपर टी म्हणतात, सरकारी कागदांवर ती आययूसीडी असते, पण गावात आणि चाळीत तांबीच. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा प्लॅस्टिकचा तुकडा, रुंदी 32 मिलिमीटर, उंची 36. काडेपेटीत आरामात मावेल. मधल्या दांडीला तांब्याची बारीक तार गुंडाळलेली, दोन्ही हातांवर तांब्याची छोटी नळी, खाली दोन दोरे. सरकारी दवाखान्यात मिळणारी 380 ए दहा वर्षं चालते. 380 म्हणजे आतल्या तांब्याचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. या तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात आणि स्त्रीबीजापर्यंत पोचत नाहीत. शंभर जणींनी बसवली तर पहिल्या वर्षात जेमतेम एखादीला दिवस जातात.

एवढं उपकेंद्राच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. बसवताना काय होतं, ते भिंतीवर नसतं. ते विचारत आम्ही फिरलो.

या फिल्ममध्ये तुम्हाला चेहरे दिसणार नाहीत. हात दिसतील, पावलं दिसतील, एका घरातली शिलाई मशीन दिसेल. बायका बोलायला तयार होत्या, भरभरून बोलल्या, पण प्रत्येकीने आधी दार लोटून घेतलं.

(दृश्य: मशीनवर चालणारे हात.)

या सातारा जिल्ह्यातल्या. वय 26, मुलगी 14 महिन्यांची. पाळणा लांबवायचा होता. आशाताई दोनदा घरी येऊन गेल्या, सासूबाईंना समजावलं, आणि एका मंगळवारी दोघी दवाखान्यात गेल्या.

"टेबलावर झोपवलं. पाय असे वर. सिस्टर म्हणाल्या, काही नाही होत गं, दोन मिनिटांचं काम, अंग सैल सोड. आता मला सांगा, अनोळखी माणसं खोलीत, दाराला नुसता पडदा, बाहेर कुणाची तरी सासू खोकतीय, आणि अंग सैल सोडायचं? मनात आलं, सिस्टर, तुम्ही झोपा इथं, मी सांगते सैल सोडा."

त्या हसतात. मशीन थांबत नाही.

"मग एकदम कळ आली. पाळीतली नाही, बाळंतपणातली पण नाही. वेगळीच. पार मांडीपर्यंत. ओरडले तर म्हणाल्या, बाळंतपण झालंय ना तुझं, एवढ्याला काय ओरडतीस."

'अंग सैल सोडा' हे वाक्य आम्हाला जवळपास प्रत्येकीकडून ऐकायला मिळालं. कुणी साताऱ्यात, कुणी लातूरकडे, कुणी पुण्यातल्या एसी क्लिनिकमध्ये ऐकलेलं. सांगणारी बाई वेगळी, टेबल वेगळं, वाक्य तेच.

(दृश्य: मातीच्या मॉडेलवर हात. निवेदन सावकाश.)

ते दोन मिनिटांचं काम असं असतं. आधी हाताने आतून तपासणी, पिशवी कशी वळलेली आहे ते कळायला. मग स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडा ठेवणारं यंत्र. गार असतं. पिशवीचं तोंड औषधाने पुसतात. ते हलू नये म्हणून एका लांब चिमट्याने धरतात, आणि बहुतेकींना पहिली कळ इथे येते. मग बारीक सळईने पिशवीची खोली मोजतात. ही दुसरी. त्यानंतर सरळ नळीतून तांबी आत जाते, नळी मागे ओढली की टीचे दुमडलेले हात उघडतात. ही तिसरी. शेवटी दोरे तीन-चार सेंटिमीटर ठेवून कापतात. झालं.

काहींना चक्कर येते, घाम फुटतो, उलटीसारखं होतं. पिशवीच्या तोंडाला धक्का लागला की नाडी मंदावते, त्यामुळे होतं ते. दहा मिनिटं पडून राहिलं की ओसरतं. पण दुसऱ्या बाजूला पुढची बाई ताटकळत असेल तर ही दहा मिनिटं कोण देणार?

खरं सांगायचं तर काहीजणींना काहीच झालं नाही. लातूरच्या एक बाई म्हणाल्या, "मी तर विचारले, कधी बसवणार म्हणून. त्या म्हणल्या, बसली की." दोन नॉर्मल बाळंतपणं झालेली, पाळीच्या दिवसांत गेलेल्या. ज्यांचं मूल खालून झालेलं नाही, म्हणजे सिझेरियन झालेल्या किंवा बाळंतपणच न झालेल्या, त्यांना त्रास जास्त होण्याची शक्यता असते. म्हणून मैत्रिणीचा अनुभव आपल्याला लागू पडेलच असं नाही, चांगला असो की वाईट. आमच्या टीममधल्या दोघींनी तांबी बसवली आहे. एकीची आठ वर्षं एकही तक्रार नाही. दुसरीने पाचव्या महिन्यात काढली. दोघी एकाच गाडीतून या शूटिंगला येत होत्या.

(दृश्य: पुणे, संध्याकाळची रहदारी, काचेतून.)

या 31 वर्षांच्या. लग्न झालंय, मूल नकोय, निदान आत्ता तरी. पहिल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "मिस्टरांना विचारलंत का? त्यांना घेऊन या." दुसऱ्यांनी सांगितलं, "आधी एक होऊ दे, मग बघू."

कुटुंब नियोजनाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये तांबीसाठी नवऱ्याच्या परवानगीची अट नाही. बाईची संमती लागते, बस. आणि मूल झालेलं नसेल तर तांबी बसवायचीच नाही असाही नियम नाही. तिसऱ्या ठिकाणी त्यांचं काम झालं. तिथे तासभर आधी वेदनाशामक गोळी दिली, पिशवीच्या तोंडाजवळ भूल देण्याचं इंजेक्शनही दिलं. "तरी दुखलं. पण त्या प्रत्येक वेळी सांगत होत्या, आता गार लागेल, आता कळ येईल, पाच आकडे मोजा. मी मोजले. चारला संपली."

ब्रिटनमध्ये 2021 साली याच विषयावरून बराच गदारोळ झाला. ओळखीच्या चेहऱ्यांच्या बायका रेडिओवर, वर्तमानपत्रांत उघड बोलल्या की आम्हाला भूल न देता हे केलं आणि ओरडलो तरी थांबले नाहीत. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने 2024 मध्ये आपल्या शिफारशी सुधारल्या: दुखू शकतं हे आधी सांगा, आणि दुखणं कमी करायचे उपाय प्रत्येकीसमोर ठेवा. आपल्याकडे चर्चेची गाडी अजून 'एवढ्याला काय ओरडतीस'पाशी आहे.

(दृश्य: रिकामी खाट, बाळाचं टोपडं.)

एक गोष्ट दुखण्याची नाही, पण ती गाळता येत नाही. बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत तांबी बसवता येते. पिशवीचं तोंड उघडंच असतं, त्यामुळे वेगळं दुखत नाही, पुन्हा खेप पडत नाही. सोय चांगली आहे. अशी बसवलेली तांबी आपोआप निसटून पडण्याचं प्रमाण जास्त, तरीही सोय चांगली. अट एकच की बाईशी आधी बोलायचं, गरोदरपणाच्या तपासण्यांमध्ये, कळा सुरू असताना नव्हे.

या बाईंना कळलं ते चार महिन्यांनी. पोटात दुखतंय म्हणून सोनोग्राफी केली, तर तपासणाऱ्याने सहज विचारलं, तांबी कधी बसवली? "मी म्हटलं, कुठली तांबी?" जुन्या फाईलमध्ये एका कागदावर त्यांची सही निघाली. भरती होताना पाच-सहा कागदांवर सह्या घेतल्या होत्या, त्यातलाच तो एक.

त्यांनी तांबी काढून टाकली. आता कुठलंच साधन नको म्हणतात. "उपयोगाची असेल हो. पण मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं."

(दृश्य: जुना लाकडी पाट, भिंतीवरचं कॅलेंडर. आजींचे हात.)

आता थोडं मागे जाऊ. महाराष्ट्रात हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्याही झिजवल्या. देशाचा कुटुंब नियोजन कार्यक्रम 1952 पासूनचा. पण गर्भाशयात बसवायचं साधन सर्वदूर आलं ते 1965 मध्ये. त्यात तांबं नव्हतं. नुसतं प्लॅस्टिक, नागमोडी वळलेलं. अमेरिकेतल्या डॉ. जॅक लिप्पीस यांनी बनवलेलं, म्हणून लिप्पीस लूप. आपल्याकडे नुसतं लूप.

या आजी ऐंशीच्या पुढच्या. तेव्हा तिसरा मुलगा अंगावर पीत होता.

"लाल त्रिकोणाची गाडी आली होती. शाळेत कॅम्प. आम्ही गल्लीतल्या सात जणी गेलो. रांगेनं बसवले लूप. घरी आले आणि जे अंगावरून जायला लागलं, तीन महिने थांबेना. विचारायचं कुणाला? गाडी गेली ना निघून."

ही एकट्या आजींची कथा नाही. लूपचे आकडे पहिली दोन वर्षं भराभर चढले आणि मग तसेच घसरले. पहिले काही महिने रक्त जास्त जाऊ शकतं, हे बहुतेकींना कुणी सांगितलं नव्हतं, आणि नंतर बघायला कुणी आलं नव्हतं. त्या पोकळीत अफवा शिरल्या. लूप वर चढतो, काळजाला लागतो, गंजतो, नवऱ्याला टोचतो. तांबी पुढे आली तेव्हा या अफवा तिला वारशाने मिळाल्या. तांबी काळजापर्यंत जात नाही. बसवताना पिशवीला भोक पडून ती पोटात सरकणं हजारात एखाद-दुसरीच्या बाबतीत घडतं, आणि दुर्बिणीने काढता येतं. दोरा टोचतो तो फार आखूड कापला तर. पण ज्या बाईचं रक्त तीन महिने थांबलं नाही, तिला तुम्ही अडाणी कसं म्हणणार?

2019 ते 21 दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 15 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के जणींनी नसबंदी करून घेतली आहे. तांबी वापरणाऱ्या 2.1 टक्के. काढता येणारं, दहा वर्षं टिकणारं, फुकट मिळणारं साधन, आणि दोन टक्के. याचं खापर लोक अफवांवर फोडतात. आमचं मत वेगळं आहे, एव्हाना तुमच्या ध्यानात आलंच असेल.

(दृश्य: दोरीवर वाळणारे कपडे.)

रक्ताबद्दल आणखी एक. याच पाहणीत देशातल्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तांबीमुळे पहिले तीन ते सहा महिने पाळी लांबू शकते, जास्त जाऊ शकते, मधेच डाग पडतो. पुस्तकात हा 'किरकोळ दुष्परिणाम' असतो. ज्या घरात चार दिवस बाजूला बसायचं असतं, तिथे तो किरकोळ राहत नाही. एका बाईंनी सांगितलं, "सातव्या दिवशी डाग दिसला. गौरी बसायच्या होत्या. तो डाग धरायचा की नाही, यावर घरात तासभर चर्चा. माझ्या डागावर सासरे बोलत होते, बघा." त्यांनी पुढच्याच आठवड्यात तांबी काढली. कार्डावर कारण लिहिलंय, रक्तस्राव.

याच्या उलट बाजूचंही एक साधन आहे. हार्मोनवालं. दिसायला तसंच, पण तांब्याऐवजी दांडीत औषध, त्याने पाळी कमी होते, काहींची थांबतेच. या 44 वर्षांच्या शिक्षिका. महिन्यातले बारा दिवस जायचं. एका डॉक्टरांनी पिशवी काढायची तारीखच दिली होती. दुसऱ्यांनी हे सुचवलं. काही हजार रुपये खर्च. "बसवताना जीव गेला. नंतर चार महिने नुसते थेंब थेंब. म्हटलं पैसे पाण्यात. पाचव्या महिन्यात पाळी आलीच नाही. मी शाळेत पांढरी साडी नेसून गेले."

पिशवी शाबूत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या, ते 2019 मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. त्यातल्या किती जणींना हा पर्याय कुणी सांगितला असेल?

(दृश्य: उपकेंद्राचा व्हरांडा. पांढऱ्या साडीचा काठ, चपला.)

या सिस्टर निवृत्तीला आलेल्या. किती तांब्या बसवल्या असतील याचा हिशेब नाही म्हणतात. "पूर्वी टार्गेट असायचं. मार्च आला की झोप नाही. 96 साली टार्गेट बंद झालं, कागदावर. मीटिंगमध्ये विचारायचे ते विचारायचेच." स्वतः बसवली होती का? "हो की. मला पण दुखलं. मी पण ओरडले. आणि दुसऱ्या दिवशी येऊन बायकांना म्हणाले, काही नाही होत. तसंच शिकवलं होतं ना आम्हाला. बाई घाबरून पळून जाईल म्हणून."

आता त्या तांबी आधी बाईच्या तळहातावर ठेवतात. दोरा हाताला लावून बघायला सांगतात. पाळीनंतर एकदा दाखवायला बोलावतात. पडद्याच्या जागी दार बसवून घेतलंय, ग्रामपंचायतीच्या मागे लागून. कडी आतून.

(दृश्य: पुन्हा आजी. तळहातावर तांबी.)

शेवटच्या दिवशी आम्ही आजींकडे परत गेलो. सिस्टरांनी दिलेली एक नमुन्याची तांबी बरोबर होती. आजींनी चष्मा लावला. उलटीपालटी करून पाहिली.

"इवलीशी आहे गं. आमचा लूप मोठा होता." मग दोऱ्यावरून बोट फिरवत राहिल्या. "हे कशाला?"

आमच्यातल्या एकीने सांगितलं, आजी, आत नीट आहे की नाही ते बोटाने कळतं यानं. आणि काढायची असेल तर हाच दोरा धरून ओढतात. मिनिटाचं काम.

आजी बराच वेळ गप्प होत्या.

"आमच्याला पण होता हा," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, कापायचा राहिलाय."