जुन्या ट्रकवर पैसा आधी कुठं लावायचा
(कोल्हापुरात ट्रकमालक आणि चालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या तोंडावर कारखान्यांची धुराडी पेटतील. त्याआधीचे हे पावसाळी महिने म्हणजे आपल्या गाड्यांच्या कामाचे दिवस. भाडी कमी, गाड्या दारात उभ्या, आणि मालकाच्या हातात कसेबसे जमवलेले लाख-दोन लाख. गाडी पंधरा-सोळा वर्षांची आणि कामं निघालीत तीन-चार लाखांची. मग आधी काय करायचं? आज एवढ्यावरच बोलणार आहे.

आपल्या कोल्हापूरची एक खोड आहे. पैसा हातात आला की आपण आधी इंजिन खोलतो. हे गावच इंजिनवाल्यांचं. उद्यमनगरात गल्लीगल्लीत लेथ, शिरोलीला आणि गोकुळ शिरगावला फाउंड्र्या. क्रँक घासणारा, बोअर करणारा, पंप कॅलिब्रेट करणारा, सगळे हाकेच्या अंतरावर. इतकी सोय असल्यावर हात शिवशिवणारच. शिवाय नवं बांधलेलं इंजिन पहिल्यांदा चालू होतं तेव्हा चार माणसं भोवती उभी राहून आवाज ऐकतात. मिस्त्रीची छाती फुगते, मालकाचीही फुगते. चाकाच्या हबचं ऑईल सील बदललं म्हणून कुणी पेढे वाटलेले मी तरी बघितले नाहीत.

परिणाम असा होतो की इंजिनात दीड लाख जातात आणि ब्रेकच्या वेळी मालक म्हणतो, "एवढा सीझन काढू, मग बघू." मला हा क्रम उलटा वाटतो. कामांची यादी करताना किमतीवरून किंवा आवाजावरून क्रम लावू नका. प्रत्येक कामापुढं एकच प्रश्न लिहा: हे गेलं तर कुठं जाईल, आणि गेल्यावर काय होईल? अशक्त इंजिन घाट चढताना दम तोडतं. तुम्ही पहिला गिअर टाकता, मागचा हॉर्न वाजवतो, शिव्या देतो, तरी तुम्ही गगनबावड्याला पोचता. तोच ट्रक भरून करूळ घाटात खाली निघाला आणि मागच्या चाकाच्या ब्रेक लायनरला, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या अस्तराला, ग्रीस लागलेलं असलं, तर पोचण्याची खात्री कुणी द्यायची?

थोडं गणित करू. १६ टन वजनाचा ट्रक समजा ४०० मीटर उंचीवरून खाली उतरतोय. त्या वजनात साठलेली ऊर्जा होते सव्वासहा कोटी ज्यूल. विजेच्या भाषेत साधारण १७ युनिट. घरातला दोन किलोवॉटचा गिझर आठ-साडेआठ तास चालवला तर जेवढी उष्णता निघेल, तेवढी तुम्हाला अर्ध्या-पाऊण तासात कुठं तरी जिरवायची आहे. थोडी टायर खातात, थोडी हवा. उरलेली एक तर इंजिन खाईल नाही तर ब्रेकचे ड्रम. ड्रम तापला की पसरतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो. मग हवेच्या दाबावर ब्रेक लावणाऱ्या चेंबरच्या दांड्याला, पुश रॉडला, जास्त बाहेर यावं लागतं. ॲडजस्टमेंट ढिली असेल तर रॉड आपल्या शेवटाला टेकतो. तुम्ही पेडल दाबताय, हवा पूर्ण आहे, काटा सात-आठ किलोवर आहे, आणि गाडी थांबत नाही.

यातली फसवणूक लक्षात घ्या. हेच ब्रेक सकाळी गार असताना, गांधीनगरच्या सपाट रस्त्यावर, एकदम कडक लागतात. ड्रायव्हर म्हणतो ब्रेक चांगले आहेत. तो खोटं बोलत नाही. गार ड्रमवर ते चांगलेच असतात.

म्हणून पहिला पैसा इथं घाला. चारही हब उघडा. सील गळत असेल तर सील आणि लायनर दोन्ही बदला. ग्रीस प्यालेला लायनर पेट्रोलनं पुसून परत बसवणारे बहाद्दर आहेत, त्यांना चहा पाजून घरी पाठवा. एका ॲक्सलच्या एकाच बाजूचा लायनर कधी बदलू नका, गाडी ओढते. ड्रमला भेगा आणि चऱ्या बघा. लायनर आणि ड्रममधलं अंतर धरणारा स्लॅक ॲडजस्टर आणि कॅमचा बुश झिजला असेल तर ॲडजस्टमेंट टिकतच नाही. मग हवा. हवेची टाकी पूर्ण भरा, इंजिन बंद करा, एकानं पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं चाकाचाकापाशी जाऊन कान लावायचा. टाकीचा कॉक रोज सोडायचा. पाण्याबरोबर तेल यायला लागलं की कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्या म्हणून समजा. आणि हवा कमी झाल्यावर वाजणारा बझर! कटकट नको म्हणून किती गाड्यांत त्याची वायर तोडलेली असते, ते इथं बसलेल्यांनाच ठाऊक. ती आज जोडा, त्याला काहीच खर्च नाही. मागच्या चाकांना स्प्रिंग ब्रेक असेल तर तो चेंबर अंदाजानं खोलू नका. आतली स्प्रिंग दाबलेली असते, ती सुटली तर माणसाचा जीव घेते.

ब्रेकच्या रांगेतच स्टिअरिंग येतं. किंगपिन, बुश, टायरॉड एंड, ड्रॅग लिंक. पुढचं चाक जॅकवर उचला, वर-खाली पहार लावून खेळ बघा. पुढं रिमोल्ड, म्हणजे वरून नवा थर चढवलेला, टायर नको, एवढं एकच टायरांबद्दल सांगतो. मागं चालवा, हरकत नाही. पाट्यांचे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचे, यू-बोल्ट कसून घ्या. उसाच्या फडातून गाडी बाहेर पडते तेव्हा सगळा मार मेन पाट्यावर असतो. तो तुटला तर ॲक्सल जागेवरून सरकतो.

आता न्यूट्रल. आंब्याचा घाट असो, फोंड्याचा असो, गाडी न्यूट्रल करून सोडणारे आहेत. डिझेल वाचतं म्हणे. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात नेमकं उलटं होतं. गाडी गिअरमध्ये असताना तुम्ही पाय काढला की चाकं इंजिनाला फिरवतात आणि गव्हर्नर पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी, बंद करतो. नोझलमधून डिझेल येतच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःला चालू ठेवायला डिझेल पीत राहतं. म्हणजे डिझेलही जातं आणि इंजिनचा ब्रेकही जातो. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुने ड्रायव्हर सांगत आले, ते बरोबर होतं.

दुसरा पैसा घालायचा तो गुपचूप इंजिन मारणाऱ्या गोष्टींवर. हवा, पाणी, तेल. एअर क्लीनरपासून इंजिनापर्यंतचा रबरी पाईप चिरलेला असतो, वरून काळी टेप मारलेली असते. विटांच्या भट्टीवर, खाणीवर, शेतातल्या रस्त्यावर तिथून धूळ आत जाते, आणि रिंगा खायला तिला एक सीझन पुरतो. त्या पाईपाची किंमत काढा आणि पिस्टन-लायनर सेटची काढा.

पाण्यात तर आपण हद्दच करतो. बोअरवेलचं पाणी घालतो, रेडिएटरमध्ये क्षार बसतात, गाडी तापते. तापली की पहिला सल्ला मिळतो, "थर्मोस्टॅट काढून टाक." मंडळी, थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह. तो काढलेलं इंजिन गार चालतं. सिलिंडरच्या गार भिंतीवर डिझेल नीट जळत नाही, ते तेलाचा पापुद्रा धुऊन काढतं आणि बोअर झिजतो. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढलात की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतं, आणि चढाला भरलेली गाडी आणखी तापते. रेडिएटर साफ करा, फॅनचा पट्टा बघा, कूलंट घाला, चालू असलेला टेंपरेचर मीटर बसवा.

पुराचा विषय आपल्याकडं टाळता येत नाही. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पंचगंगेचं पाणी आलं, गाड्या दिवसेंदिवस अडकल्या. पाण्यात उभी राहिलेली गाडी ओसरल्यावर लगेच स्टार्टर मारून बघायची घाई करू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढून हातानं इंजिन फिरवा. क्राऊनचं, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या गिअरांचं, तर फार जण विसरतात. लांबून आलेली गाडी, क्राऊन तापलेला, आणि ती गार पाण्यात घातली की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून (हवा सोडणाऱ्या भोकातून) पाणी ओढून घेते. वरून काही कळत नाही. गाडी महिना-दोन महिने चालते, मग क्राऊन ओरडायला लागतो. पुरातून निघालेल्या गाडीचा क्राऊन, गिअरबॉक्स आणि हब यांचं तेल आणि ग्रीस त्याच आठवड्यात काढून बघा. तेल दुधासारखं झालं असेल तर बदला, थोडं चालवून पुन्हा बदला.

एवढं झाल्यावर इंजिन. आणि तेही मोजून. काळा धूर येतो म्हणून इंजिन खोलू नका. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर क्लीनर, मग टॅपेट, मग नोझल काढून टेस्टरवर, मग पंप. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. तिथं ब्रीदर बघा: गरम इंजिनावर लोड असताना ब्रीदरमधून इंजिनाची फुंकर जोरात येते का, तेल किती लागतं, गरम असताना स्लोवर ऑईल प्रेशर उतरतं का. सकाळी एका सेल्फमध्ये चालू होणारं, तेल बेतात खाणारं, गरम असताना प्रेशर धरणारं इंजिन वीस वर्षांचं असलं तरी त्याला हात लावू नका. आणि खोलायचंच असेल तर आधी मापं कागदावर घ्या. सगळ्या इंजिनांना सिलिंडरचा वेगळा लायनर नसतो. ५.९ लिटरच्या कमिन्स बी सिरीजमध्ये बोअर थेट ब्लॉकमध्ये आहे. तिथं खर्चाचा हिशेब वेगळा.

पंप वाढवून घेणं हा आणखी एक शौक. पिकअप येतो, खरं आहे. जादा डिझेल जळायला हवा तेवढीच असते, त्यामुळं धूर वाढतो, एक्झॉस्ट तापतो, आणि चढाला पिस्टनचं डोकं वितळतं. उलट बाजूचा हिशेब करा. वर्षाला ५०,००० किलोमीटर, लिटरला चार किलोमीटर, म्हणजे १२,५०० लिटर. पाच टक्के वाचले तर ६२५ लिटर. लिटरला नव्वद रुपये धरले तरी छप्पन हजारांवर जातं. हे पाच टक्के इंजिन बांधून मिळत नाहीत. चाकाला घासणारा ब्रेक, कमी हवेचे टायर, चोक झालेला फिल्टर आणि टपकणारं नोझल यांतून मिळतात.

रस्त्यात उभी करणारी कामं मी तिसऱ्या रांगेत ठेवतो: क्लच, जॉइंटचे क्रॉस, सेंटर बेअरिंग, वॉटर पंप, बॅटऱ्या. ही आवाज देऊन जातात, वेळ देतात. बॅटरीबद्दल एक सांगतो, कारण ही चूक घरोघरी आहे. गाडी २४ व्होल्टची, दोन बॅटऱ्या जोडलेल्या. टेप आणि मोबाईल चार्जर १२ व्होल्टचा म्हणून एकाच बॅटरीवरून वायर ओढतात. ती बॅटरी कायम उपाशी, दुसरी कायम जास्त चार्ज. दोन्ही मरतात आणि शिव्या डायनामोला. कन्व्हर्टर बसवा, आणि बदलताना दोन्ही बॅटऱ्या एकदम बदला.

राहता राहिली हौस. खंडेनवमीला गाडी सजवा, हार घाला, रंग द्या, मी आडवा येणार नाही. पण सुधारणा म्हणून पैसा घालायचा असेल तर माझं मत विचित्र वाटेल: पहिली सुधारणा ड्रायव्हरची सीट. फोम बसलेल्या, स्प्रिंग टोचणाऱ्या सीटवर बंगळूरहून रात्रभर गाडी आणणाऱ्या माणसाचा पाय पहाटे किती चपळ राहील? नंतर पॉवर स्टिअरिंग, मग एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनानं गाडी रोखणारा. एक्झॉस्ट ब्रेकला व्हॉल्व्ह स्प्रिंग तेवढ्या ताकदीच्या लागतात, ते आधी बघून घ्या. हेडलाईटला जादा वॅटचे बल्ब घालताना जुनी वायरिंग तशीच ठेवली तर आग लागते, रिले आणि नवी वायर घाला. मोठा बदल करायचा तर आरटीओची परवानगी घ्या, नाही तर पासिंगला तेच आडवं येतं. आठ वर्षांपुढच्या गाडीला ते दरवर्षी आहेच, आणि वय वाढेल तशी फीही वाढते.

शेवटी, थांबायचं कधी? इंजिनावरून ठरवू नका, चेसिसवरून ठरवा. मागच्या पाट्याच्या ब्रॅकेटजवळ आणि क्रॉस मेंबरच्या रिव्हेटपाशी माती खरवडून बघा. तिथं भेग असेल, आधी वेल्डिंग मारून पुन्हा तुटलेलं असेल, तर त्या गाडीत नवीन इंजिन बांधणं म्हणजे दुसऱ्या कुणासाठी बांधणं. चेसिस चांगली असेल तर वर्षाचा दुरुस्तीखर्च आणि गाडी उभी राहिलेल्या दिवसांचं बुडालेलं भाडं एकत्र करा, बाराने भागा, आणि नव्या गाडीच्या हप्त्याशेजारी ठेवा. बहुतेक वेळा जुनी गाडीच जिंकते. पण उभे दिवस हिशेबात धरले नाहीत तर ती नेहमीच जिंकल्यासारखी दिसते.

बाहेर एक गाडी जॅकवर घेतलेली आहे, मागचा डावा हब उघडाय. प्रश्न तिथंच विचारा, हात काळे करून बोललेलं बरं.